‘राष्ट्रवादी’ उमेदवार, पण राष्ट्र कोणतं? कॅनडातल्या फ्रेंच भाषकांच्या निवडणुकांचा दीडशे वर्षांचा घोळ

३ नोव्हेंबर १९१०. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात ड्रमंड-आर्थाबास्का नावाच्या मतदारसंघात पोटनिवडणूक होती. तसं पाहिलं तर एका जागेची साधी निवडणूक. पण ही जागा पंतप्रधान विल्फ्रिड लॉरिए यांच्या घरच्या अंगणातली होती. लॉरिएंचं घर याच भागात, वकिली इथेच केलेली, राजकारणाची सुरुवातही इथूनच. कॅनडाचे पहिले फ्रेंच भाषक पंतप्रधान म्हणून क्युबेकमध्ये त्यांना जवळपास देवासारखं मानत.

निकाल लागला आणि लॉरिएंचा लिबरल उमेदवार पडला. जिंकला कोण, तर आर्थर गिल्बर्ट नावाचा एक शेतकरी, ज्याला मतदारसंघाबाहेर कुणी ओळखतही नव्हतं. फरक दोनशेच्या आसपास मतांचा. गिल्बर्ट कोणत्या पक्षाचा? लिबरल नाही. कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणावा तर तसाही नाही. तो ‘नॅशनलिस्ट’ होता, म्हणजे राष्ट्रवादी.

आता गंमत अशी, की मतपत्रिकेवर हा शब्द कुठेही छापलेला नव्हता.

मतपत्रिकेवर पक्षच नव्हता?

नव्हता. कॅनडाच्या संसदेच्या निवडणुकीत उमेदवाराच्या नावापुढे पक्षाचं नाव छापायला सुरुवात झाली ती थेट १९७२ साली, १९७० च्या निवडणूक कायद्यानंतर. त्याआधीच्या मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव, पत्ता आणि व्यवसाय एवढंच असायचं. निवडणूक चिन्हं तर तिकडे कधीच नव्हती. त्याही आधी, १८७४ पर्यंत, संसदेसाठी मतदान बहुतेक ठिकाणी उघडपणे, सगळ्यांसमोर नाव सांगून व्हायचं.

मग कोण कुठल्या बाजूचा हे लोकांना कळायचं कसं? वर्तमानपत्रं सांगायची, चर्चचे पाद्री सांगायचे, गावातले पुढारी सांगायचे आणि उमेदवार स्वतः भाषणात सांगायचा. एकच माणूस एका पेपरात ‘लिबरल’, दुसऱ्यात ‘स्वतंत्र लिबरल’ आणि तिसऱ्यात ‘राष्ट्रवादी’ असू शकत होता. आजही क्युबेकच्या जुन्या निवडणुकांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवले, तर आकडे जुळत नाहीत, त्याचं एक मोठं कारण हे आहे. चूक मोजणाऱ्याची नसते. लेबलच पक्कं नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर ते पक्कं नसणं अनेकांच्या फायद्याचं होतं.

निळा स्वर्ग, लाल नरक

यासाठी थोडं मागे जावं लागेल. आजचा क्युबेक ही मूळची फ्रान्सची वसाहत. १७६३ साली ती ब्रिटनच्या ताब्यात गेली. राज्यकर्ते इंग्रजी बोलणारे प्रोटेस्टंट, प्रजा फ्रेंच बोलणारी कॅथलिक. ही प्रजा स्वतःला ‘कानाडियँ’ म्हणायची. म्हणजे ‘कॅनेडियन’ हा शब्द तेव्हा फक्त फ्रेंच भाषकांसाठी होता, बाकीचे सगळे ‘इंग्रज’. मॉन्ट्रियलच्या प्रसिद्ध आइस हॉकी टीमचं नाव ‘कॅनेडियन्स’ आहे, ते याच अर्थाने. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या लोकांच्या पक्षालाही ‘पार्ती कानाडियँ’ म्हणत. पुढे त्याचंच ‘पार्ती पॅट्रियोत’, म्हणजे देशभक्तांचा पक्ष झाला आणि १८३७ चा उठाव त्यातूनच झाला.

उठाव मोडल्यानंतर क्युबेकचं राजकारण दोन रंगांत विभागलं गेलं. ‘ब्ल’ म्हणजे निळे, हे कॉन्झर्व्हेटिव्ह आणि चर्चच्या जवळचे. ‘रूज’ म्हणजे लाल, हे लिबरल, आणि त्यांच्यातले काही जण चर्चवर उघड टीका करणारे. पाद्र्यांनी यावर एक सोपं सूत्र लोकांच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं : स्वर्ग निळा असतो आणि नरक लाल. कुणाला मत द्या असं थेट सांगायची गरजच उरली नाही.

रंग घराण्यात चालायचा. बाप निळा तर मुलगा निळा. रंग बदलणं म्हणजे जवळपास धर्म बदलण्यासारखं. अशा वातावरणात निळ्या घरातल्या माणसाला लाल उमेदवाराला मत द्यायचं असेल तर त्याला मधे एक पूल लागतो. ‘राष्ट्रीय’ हा शब्द म्हणजे तो पूल होता.

पहिला प्रयोग १८७१-७२ मध्ये झाला. लिबरल तरुणांनी ‘पार्ती नॅसिओनाल’ नावाने काम सुरू केलं. ‘लाल’ हा बदनाम शिक्का पुसायचा आणि पाद्र्यांचा विरोध टाळायचा, हा त्यामागचा सरळ हिशेब. प्रयोग फार टिकला नाही, पण त्यातून ऑनोरे मेर्सिए नावाचा एक तरुण वकील १८७२ साली संसदेत पोहोचला. लेबलची ताकद त्याने तिथेच ओळखली असावी.

एका फाशीने बदललेलं गणित

१६ नोव्हेंबर १८८५ रोजी लुई रिएलला रेजायना इथे फाशी देण्यात आली. रिएल हा पश्चिम कॅनडातल्या मेती लोकांचा नेता, फ्रेंच भाषक, कॅथलिक. त्याने सरकारविरुद्ध उठाव केला होता. इंग्रजी भाषकांच्या नजरेत तो देशद्रोही आणि खुनी, क्युबेकच्या नजरेत तो आपला माणूस. पंतप्रधान जॉन मॅकडोनाल्ड यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने दयेचे सगळे अर्ज फेटाळले. त्यांच्या मंत्रिमंडळातल्या फ्रेंच भाषक मंत्र्यांनीही राजीनामे दिले नाहीत.

सहा दिवसांनी मॉन्ट्रियलच्या शां-द-मार्स मैदानावर सभा झाली. पन्नास हजारांच्या आसपास लोक जमल्याचं सांगितलं जातं. मेर्सिए आता क्युबेकमधल्या लिबरलांचा नेता होता. त्याने रिएलला भाऊ म्हटलं आणि निळे-लाल विसरून एक व्हा अशी हाक दिली. पार्ती नॅसिओनाल पुन्हा उभा राहिला. आता त्यात लिबरल तर होतेच, पण फाशीमुळे संतापलेले कॉन्झर्व्हेटिव्हही होते. यांना ‘राष्ट्रीय कॉन्झर्व्हेटिव्ह’ म्हणत. काल लिबरलांना नरकाचा रंग म्हणणारे लोक आज त्यांच्याच मांडवात बसले होते.

१८८६ च्या प्रांतिक निवडणुकीत कुणालाच निर्विवाद बहुमत मिळालं नाही. या मूठभर राष्ट्रीय कॉन्झर्व्हेटिव्हांच्या हातात किल्ली आली. जानेवारी १८८७ मध्ये मेर्सिए क्युबेकचा प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री झाला. १८९० मध्ये तो पुन्हा जिंकला. पुढच्याच वर्षी एका रेल्वे कंत्राटातल्या पैशांचं प्रकरण बाहेर आलं आणि डिसेंबर १८९१ मध्ये त्याला पदावरून काढण्यात आलं. त्याच्यासोबत ‘राष्ट्रीय’ लेबलही गेलं. त्याखाली जमलेले लोक आपापल्या जुन्या घरी परतले. शेवटी हाती राहिला तो लिबरल पक्षच, पण आता क्युबेकमध्ये पाय रोवलेला.

बुरासाचं राष्ट्र वेगळंच होतं

आता पुन्हा १९१० कडे येऊ. गिल्बर्ट ज्यांच्या बळावर जिंकला ते आंरी बुरासा हे १८३७ च्या उठावाचे नेते लुई-जोसेफ पापिनो यांचे नातू. १८९६ मध्ये ते लॉरिएंच्याच पक्षातून खासदार झाले. १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटलं आणि लॉरिएंनी ब्रिटनच्या मदतीला कॅनडाचे सैनिक पाठवायचं ठरवलं. संसदेला न विचारता. बुरासांनी खासदारकीचा राजीनामा दिला. जानेवारी १९०० मध्ये ते त्याच जागेवरून अपक्ष म्हणून बिनविरोध निवडून आले. पुढे ते पुन्हा लिबरल बाकांवर बसले, मग प्रांतिक राजकारणात उतरले. १९०८ मध्ये त्यांनी प्रीमियर लोमेर ग्वँ यांना मॉन्ट्रियलच्या एका मतदारसंघात हरवलं. (ग्वँ दुसऱ्या जागेवरूनही उभे होते, म्हणून वाचले.)

बुरासा स्वतःला राष्ट्रवादी म्हणवत. पण त्यांचं राष्ट्र म्हणजे क्युबेक नव्हतं. त्यांना अख्खा कॅनडा हवा होता, इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन समाजांचा, आणि ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धांपासून मोकळा. १९०४ मध्ये ज्यूल-पॉल तार्दिव्हेल नावाच्या पत्रकाराशी त्यांचा यावर जाहीर वाद झाला. तार्दिव्हेल म्हणत, आमचा राष्ट्रवाद फ्रेंच कॅनेडियनांचा. बुरासा म्हणत, आमचा राष्ट्रवाद कॅनडाचा. शब्द तोच, दोघेही फ्रेंच, दोघेही कट्टर कॅथलिक, आणि राष्ट्रं दोन. आज बुरासांना ‘क्युबेकच्या स्वातंत्र्याचे आजोबा’ ठरवणाऱ्या पोस्ट फिरतात, त्या म्हणूनच चुकीच्या आहेत.

१९१० मध्ये वाद आरमाराचा होता. जर्मनीशी चुरस वाढली होती आणि ब्रिटनला वसाहतींकडून मदत हवी होती. लॉरिएंनी मधला मार्ग काढला : कॅनडाचं स्वतःचं छोटं आरमार, जे युद्धाच्या वेळी ब्रिटनच्या हाती देता येईल. इंग्रजी भाषकांनी त्याची ‘डबड्यांचं आरमार’ म्हणून टर उडवली. बुरासांनी त्याच वर्षी जानेवारीत सुरू केलेल्या ‘ल दव्वार’ या दैनिकातून उलटी बाजू मांडली : आज आरमार, उद्या सक्तीची सैन्यभरती. ड्रमंड-आर्थाबास्कातल्या शेतकऱ्यांना ही दुसरी गोष्ट पटली.

१९११ : मत एकाला, सरकार दुसऱ्याचं

पुढच्याच वर्षी २१ सप्टेंबरला सार्वत्रिक निवडणूक झाली. लॉरिएंचे प्रतिस्पर्धी होते कॉन्झर्व्हेटिव्ह नेते रॉबर्ट बोर्डन. त्यांच्या पक्षाचं म्हणणं होतं की लॉरिए ब्रिटनसाठी फार कमी करतायत. बुरासांचं म्हणणं होतं, फार जास्त करतायत. दोघांची मतं दोन टोकांची. तरीही क्युबेकमध्ये या दोघांची हातमिळवणी झाली.

व्यवस्था अशी होती : क्युबेकमध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह नेते फ्रेडरिक मंक आणि बुरासांचे राष्ट्रवादी एकत्र लढणार, एकमेकांसमोर उमेदवार देणार नाहीत. बोर्डन तिकडे फारसे फिरकणार नाहीत. बाकीच्या कॅनडात प्रचार अमेरिकेशी होणाऱ्या व्यापार कराराविरुद्ध आणि साम्राज्यनिष्ठेच्या बाजूने, क्युबेकमध्ये प्रचार आरमाराविरुद्ध. तेव्हा मोबाइलवर क्लिप फिरत नव्हत्या. टोरांटोत काय बोललं जातंय हे आर्थाबास्कातल्या शेतकऱ्याला पोहोचेपर्यंत त्यावर दोन-तीन पेपरांचा रंग चढलेला असायचा.

लॉरिए प्रचारात म्हणत राहिले की क्युबेकमध्ये मला इंग्रजांचा हस्तक म्हणतात आणि ऑन्टारिओत फ्रेंचांचा. ते खरंच होतं. पण त्याने मतं मिळत नाहीत.

क्युबेकच्या ६५ जागांपैकी लिबरलांना ३८ मिळाल्या, उरलेल्या २७ या आघाडीला. या २७ मध्ये ‘राष्ट्रवादी’ किती आणि ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ किती? इथेच तक्ते भांडतात. काही यादीत सगळेच कॉन्झर्व्हेटिव्ह, काहींत बहुतेक राष्ट्रवादी. बुरासा स्वतः या निवडणुकीत उभेच नव्हते, त्यामुळे संसदेत या लोकांना एकत्र बांधणारा नेताही नव्हता.

राष्ट्रवाद्यांचा अंदाज होता की दोन्ही मोठे पक्ष बहुमताच्या अलीकडे अडकतील आणि मेर्सिएच्या वेळेसारखी किल्ली आपल्या हाती येईल. तसं झालं नाही. बाकीच्या कॅनडाने बोर्डनना एवढ्या जागा दिल्या की राष्ट्रवाद्यांवाचूनही त्यांचं काम चालणार होतं. मंक मंत्री झाले. आरमाराविरुद्ध निवडून आलेले कित्येक जण सरकारी बाकांवर गुपचूप बसले. ऑक्टोबर १९१२ मध्ये सरकारने ब्रिटनला युद्धनौकांसाठी पैसे द्यायचं ठरवलं, तेव्हा मंक यांनी राजीनामा दिला. त्यानंतर आलेल्या विधेयकात रक्कम होती ३.५ कोटी डॉलर. म्हणजे छोट्या आरमाराला विरोध म्हणून ज्यांनी मत दिलं, त्यांच्या मतावर उभं राहिलेलं सरकार तीन प्रचंड ब्रिटिश युद्धनौकांचा खर्च द्यायला निघालं होतं.

ते विधेयक १९१३ मध्ये पडलं खरं. पण पाडलं कुणी? सेनेटमधल्या बहुमताने, म्हणजे लॉरिएंच्या लिबरलांनी.

‘राष्ट्रवादी’ हे लेबल यानंतर क्युबेकमध्ये काही काळ हास्यास्पद ठरलं. १९१७ मध्ये बोर्डन यांनी सक्तीची सैन्यभरती आणली, बुरासांचं भाकीत खरं ठरलं. त्या निवडणुकीत क्युबेकने ६५ पैकी ६२ जागा लॉरिएंना दिल्या. बुरासांनीही लॉरिएंनाच पाठिंबा दिला.

पुन्हा तोच पूल, दुसरा मालक

१९३४. जागतिक मंदी. क्युबेकमध्ये लिबरल सरकार १८९७ पासून सलग सत्तेत, प्रीमियर ताशेरो वीज कंपन्यांच्या खिशात असल्याचा आरोप. लिबरल पक्षातून एक तरुण गट फुटला, त्याने नाव घेतलं ‘आक्सिओं लिबेराल नॅसिओनाल’. लिबरलही आणि राष्ट्रीयही. नेता होता पॉल ग्वँ, लोमेर ग्वँ यांचा मुलगा आणि मेर्सिएचा नातू. कार्यक्रम स्पष्ट होता : वीज कंपन्यांची मक्तेदारी मोडायची, शेतकऱ्याला कर्ज, कामगाराला संरक्षण.

नोव्हेंबर १९३५ मध्ये, मतदानाला तीन आठवडेही नसताना, ग्वँ यांनी कॉन्झर्व्हेटिव्ह नेते मॉरिस ड्युप्लेसी यांच्याशी युती केली. युतीचं नाव ‘युनिओं नॅसिओनाल’. ९० जागांपैकी लिबरल ४८, ग्वँ यांचे २६, ड्युप्लेसींचे १६. पुढच्या काही महिन्यांत ड्युप्लेसींनी विधानसभेच्या लोकलेखा समितीत सरकारची लक्तरं काढली, ताशेरो गेले, आणि त्या गडबडीत ग्वँ यांचे बहुतेक आमदार ड्युप्लेसींच्या मागे गेले. ऑगस्ट १९३६ च्या निवडणुकीत युनिओं नॅसिओनालला ७६ जागा. ग्वँ बाजूला. कार्यक्रम कपाटात. वीज कंपन्या होत्या तिथेच.

१६ आमदारांच्या नेत्याने २६ आमदारांचा पक्ष खिशात घातला. ज्या पक्षाला क्युबेकमध्ये ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ या नावाने जिंकणं जवळपास अशक्य झालं होतं, तो नवं नाव घेऊन पुढच्या २४ वर्षांपैकी १९ वर्षं राज्य करून गेला. गंमत म्हणजे मॉन्ट्रियलची मोठी वीज कंपनी ताब्यात घेऊन ‘हायड्रो-क्युबेक’ सुरू केली ती १९४४ मध्ये, लिबरल सरकारने. त्याच वर्षी ते सरकार पडलं.

ते पडायला मदत झाली आणखी एका राष्ट्रवादी लेबलची. एप्रिल १९४२ च्या जनमत चाचणीत सक्तीच्या भरतीच्या प्रश्नावर बाकीचा देश ‘हो’ म्हणत असताना क्युबेकमधल्या सत्तर टक्क्यांहून जास्त मतदारांनी ‘नाही’ म्हटलं. त्यातून ‘ब्लोक पॉप्युलेर’ जन्माला आला. १९४४ च्या प्रांतिक निवडणुकीत त्याला साधारण १५ टक्के मतं आणि जागा फक्त ४. लिबरलांना मतं ड्युप्लेसींपेक्षा जास्त पडली, तरी सरकार ड्युप्लेसींचं आलं.

‘राष्ट्रीय’ सगळ्यांनीच घेतल्यावर काय उरतं?

१९६० च्या दशकात उलटा पेच उभा राहिला. लिबरलांनी १९६२ ची निवडणूक ‘आपल्या घरात आपणच मालक’ या घोषणेवर लढवली. युनिओं नॅसिओनालचे डॅनियल जॉन्सन ‘समानता किंवा स्वातंत्र्य’ म्हणत १९६६ मध्ये जिंकले. १९६८ च्या अखेरीस क्युबेकच्या विधानसभेचं नावही ‘राष्ट्रीय सभा’ झालं, ते आजतागायत आहे. एका प्रांताची विधानसभा, नाव राष्ट्रीय.

सगळेच राष्ट्रवादी म्हटल्यावर या शब्दाने फरक कळेना. मग नवे शब्द आले. ज्यांना वेगळा देश हवा होता ते ‘सार्वभौमवादी’, ज्यांना कॅनडात राहायचं होतं ते ‘संघराज्यवादी’. ‘फ्रेंच कॅनेडियन’ मागे पडला, ‘क्युबेकवासी’ पुढे आला. रने लेवेक यांचा ‘पार्ती क्युबेक्वा’ १९६८ मध्ये स्थापन झाला, १९७६ मध्ये ११० पैकी ७१ जागा घेऊन सत्तेत आला. युनिओं नॅसिओनाल १९७३ मध्येच शून्यावर गेला होता, १९७६ मध्ये जरा सावरला आणि १९८१ मध्ये पुन्हा शून्य. मधल्या पुलावरचा पक्ष, दोन्ही काठ ठरल्यावर कुणालाच नको होता. वेगळ्या देशाच्या प्रश्नावर १९८० मध्ये सुमारे ६० टक्के लोक ‘नाही’ म्हणाले. १९९५ मध्ये ५०.५८ टक्के.

लेबलचा घोळ मतपत्रिकेवर नाव छापल्यानंतरही पूर्ण संपला नाही. १३ ऑगस्ट १९९० रोजी मॉन्ट्रियलच्या एका पोटनिवडणुकीत जिल ड्युसेप जिंकले. ते ‘ब्लोक क्युबेक्वा’चे पहिले निवडून आलेले खासदार, हे सगळ्या जगाला माहीत होतं. पण पक्षाची नोंदणी झालेली नव्हती, त्यामुळे नोंदीत ते अपक्ष. तीन वर्षांनी हाच पक्ष ५४ जागा जिंकून कॅनडाच्या संसदेत अधिकृत विरोधी पक्ष झाला. म्हणजे देशातून बाहेर पडायला निघालेला पक्ष तांत्रिक भाषेत ‘महाराणींचा एकनिष्ठ विरोधी पक्ष’ होता.

२००६ मध्ये याच ब्लोकला शह देण्यासाठी कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत ठराव आणला : क्युबेक्वा लोक हे अखंड कॅनडाच्या अंतर्गत एक राष्ट्र आहेत. २६५ विरुद्ध १६ मतांनी तो मंजूर झाला. ब्लोकनेही बाजूने मत दिलं. हार्पर यांच्या मंत्रिमंडळातल्या मायकल चोंग यांनी मात्र मंत्रिपद सोडलं. ठरावाच्या इंग्रजी मसुद्यातही ‘क्युबेकर’ हा नेहमीचा इंग्रजी शब्द न वापरता मुद्दाम फ्रेंच ‘क्युबेक्वा’ हाच शब्द ठेवला होता. त्यात क्युबेकमध्ये राहणारा प्रत्येक माणूस येतो की फक्त फ्रेंच बोलणारे, असं पत्रकारांनी सरकारला विचारलं. मंत्र्यांची उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत.